पाच मीटरचा चौकोन आणि सव्वापाच मीटरचा पिकअप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या पार्किंगचा विषय निघाला की पिकअपवाल्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत, महाद्वार रोडच्या तोंडाला पिकअप तिरका उभा, शेपूट रस्त्यात आणि मागं गाड्यांची रांग, हे दृश्य कोल्हापूरकरांना नवं नाही. तक्रार खोटी नाही. पण त्यातला निम्मा दोष मापाचा आहे आणि निम्मा सवयीचा. मापाचं आधी बोलू.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चारचाकीच्या पार्किंगची जागा २.५ बाय ५ मीटर धरलेली आहे. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस घ्या, लांबी ५.३ मीटरच्या घरात आणि रुंदी आरसे सोडून १.८५ मीटर. मालवाहू बोलेरो पिकअप, टाटा योद्धा हेही हौद्याच्या मापाप्रमाणे पाचाच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे मोठा पिकअप चौकोनापेक्षा एक फूट लांब आहे. रुंदीत ६५ सेंटिमीटर उरतात. गाडी अगदी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला ३२, आणि एवढ्या फटीतून अंगानं बेताचा माणूसही बाहेर निघत नाही. अमेरिकेत ज्याला पूर्ण आकाराचा पिकअप म्हणतात, त्या फोर्ड एफ-१५० ची चार दारांची गाडी १९ फुटांच्या आसपास भरते आणि तिथला नेहमीचा चौकोन ९ बाय १८ फुटांचा. तिकडंही फूटभर बाहेरच. तेव्हा हे दुखणं काही आपल्याच गावचं नाही.

हा जादा फूट कुठं ठेवायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. तोंड आत घालून लावलेला पिकअप तो रस्त्यात ठेवतो. शेपूट आत घालून लावला तर बहुतेक ठिकाणी तो मागच्या कट्ट्यावर, कुणाच्याही पायात न येता मावतो. पिकअपचं मागचं चाक आणि मागचा बंपर यांत बरंच अंतर असतं. ५.३ मीटरच्या गाडीत मागच्या आसापासून (ॲक्सलपासून) बंपरपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास भरतं. टायर कट्ट्याला टेकला तरी त्याच्या मागं ८०-८५ सेंटिमीटर शेपूट कट्ट्यावर अधांतरी राहते आणि खाली चौकोनात जेमतेम साडेचार मीटर गाडी उरते. पुढच्या बाजूला हा फायदा साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर, शिवाय पुढचा बंपर खाली असतो, तो कट्ट्याला घासतो. मात्र मागं फूटपाथ असेल तर हे करू नये. फूटपाथवर अडीच फूट शेपूट काढली की चालणारा रस्त्यावर उतरतो आणि आपण आपली अडचण त्याच्या गळ्यात घालतो. झाडांची पट्टी, मोकळी माती किंवा मैदानाची कड असेल तिथंच. मागं भिंत असेल तर फूटभर तोंड बाहेर राहणारच, तो चौकोन सोडून पुढचा बघावा.

उलटं घालण्याचं दुसरं कारण वळणाचं. वळतात ती पुढची चाकं, मागची नुसती ओढली जातात. ३.१ मीटरच्या व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराला, स्टिअरिंग पूर्ण कापलं की आतलं मागचं चाक आतल्या पुढच्या चाकापेक्षा जवळपास मीटरभर आतून जातं, आणि बाहेरचा पुढचा कोपरा बाहेरच्या चाकापेक्षा दोन फूट रुंद फिरतो. तोंड आधी घातलं तर हा रुंद फिरणारा कोपरा थेट शेजारच्या गाडीच्या दारावर येतो, म्हणून एका दमात गाडी बसत नाही, चार-पाच वेळा पुढं-मागं होतं. तेवढ्यात मागं रांग लागते. शेपूट आधी घातली की तोच कोपरा दोन रांगांमधल्या मोकळ्या गल्लीत फिरतो. सतरा-अठरा फुटांची गल्ली असेल तर पिकअप एका दमात आत जातो.

रीत अशी. जमलं तर उजव्या हाताचा चौकोन घ्यावा, म्हणजे आत वळणारा मागचा कोपरा चालकाला स्वतःच्या खिडकीतून दिसतो. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून पाच-सहा फूट अंतर ठेवून पुढं जायचं. मोटारवाले या अंतरात कंजुषी करतात, त्यांना ते परवडतं. पिकअपचं पोट शेजारच्या बंपरला इथंच लागतं. आपला चौकोन ओलांडायचा, त्यापुढचा चौकोनही मागच्या बंपरनं जवळपास ओलांडायचा आणि मग थांबायचं. नवख्याला हे फार पुढं गेल्यासारखं वाटतं, पण लवकर कापलं की आतली बाजू घासते. रिव्हर्स टाकून गाडी हलायला लागल्यावरच स्टिअरिंग पूर्ण कापावं, उभ्या गाडीत चाकं फिरवली की टायर खरवडतात आणि पॉवर स्टिअरिंगवर ताण येतो. दोन्ही आरशांत चौकोनाच्या रेषा सारख्या दिसू लागल्या की स्टिअरिंग सरळ करून शेवटचे दोन मीटर नुसतं मागं यायचं. डावा आरसा आधीच थोडा खाली झुकवून ठेवला तर मागचं चाक आणि रेषा एकत्र दिसतात. या सगळ्यात नजर मागंच राहते, पण पुढचा डावा कोपरा त्याच वेळी समोरच्या रांगेकडं झेपावत असतो. समोर दुचाक्या असतील तर पहिल्या वळणात एकदा तरी पुढं बघावं, नाहीतर एक पडते आणि तिच्यामागं सहा.

गाडी मधोमध लावायची की एका कडेला, हे शेजारी बघून ठरवावं. आपल्याला उजवीकडं दार उघडायचं असतं, म्हणून डावीकडं सरकून लावायचा मोह होतो. डावीकडची गाडीही शेपूट आत घालून उभी असेल तर तिच्या चालकाचं दार नेमकं आपल्याच बाजूला येतं. आपण सरकलो की तो बिचारा सीएनजीच्या टाकीवरून चढून आत जाणार काय? ती तोंड आत घालून उभी असेल तर आपल्याकडं तिची क्लीनर बाजू येते, तिथं आठ-दहा इंच ठेवून खुशाल सरकावं आणि आपल्या दाराला दीड फूट घ्यावा. आरसे मिटायला विसरू नये. उरलेल्या फटीत दुचाकी घुसणार हे कोल्हापुरात गृहीत धरावं. साइड स्टँडवरची दुचाकी डावीकडं कलते, त्यामुळं तिचं हँडल आपल्या दाराकडं आहे की उलट बाजूला, हे निघताना बघितल्याशिवाय गाडी हलवू नये.

निघतानाही चूक एकच होते. गाडी निम्मी बाहेर आली की चालक स्टिअरिंग कापतो. आतली बाजू शेजारच्या बंपरला लागते आणि त्याच वेळी बाहेरचा मागचा कोपरा उलट दिशेला चार-पाच इंच झुलतो. मागचं चाक शेजारच्या गाडीच्या तोंडापर्यंत येईतोवर सरळच यावं.

रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधे लावायचं गणित वेगळं आहे. सव्वापाच मीटरच्या पिकअपला किमान सात मीटर, म्हणजे २३ फूट मोकळी जागा लागते. उतरून दहा पावलं टाकून बघावं, नऊ भरली तर नाद सोडावा. मोटारीला शिकवतात तसं पुढच्या गाडीच्या बंपरला बंपर जुळला की चाक कापलं, तर आपलं पुढचं डावं टोक शेवटच्या वळणात तिच्या मागच्या कोपऱ्यावर बसतं. कारण पुन्हा तेच, शेपूट लांब म्हणजे आस पुढं. दोन फूट बाजूनं अंतर ठेवून आपला मागचा बंपर तिच्या बंपरच्या आणखी दोन फूट मागं जाऊ द्यावा आणि मग डावीकडं पूर्ण कापावं. गाडी चाळीस-पंचेचाळीस अंशांत आली की उलटं कापावं. तोपर्यंत पुढचं उजवं टोक रस्त्यात असतं, म्हणून उजव्या आरशात मागून कोणी येत नाही हे पाहूनच पहिलं वळण घ्यावं. राजारामपुरीत दुचाकीवाला तेवढ्या फटीतूनही जातो.

माल भरलेल्या गाडीचं आणखी वेगळं. स्प्रिंगचे पाटे दबले की शेपूट काही इंच खाली येते. रिकामी असताना जो कट्टा खालून सहज गेला तोच भरल्यावर मागच्या पट्टीला किंवा हौद्याखालच्या स्टेपनीला लागतो. कट्ट्यापेक्षा लोखंडी खुंट आणि झाडांचे पिंजरे वाईट, ते आरशात दिसत नाहीत. रिकामा पिकअप मागं हलका असतो आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, म्हणून उतारावर तोंड खाली करून लावायचा असेल तर पुढची चाकं कट्ट्याकडं वळवावीत, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकडी ठोकळा द्यावा. निघताना ठोकळा तिथंच टाकून जाऊ नये.

फाळक्याचं, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेचं, तर सांगावं तेवढं थोडं. माल उतरवायला फाळका खाली सोडला की मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, मग अंधार पडल्यावर मागून येणाऱ्याला गाडी दिसणार कशी? आडवा उघडा ठेवला तर गाडीची लांबी दीड फुटानं वाढली, आणि ती धार बरोबर दुचाकीवाल्याच्या छातीच्या उंचीला येते. माल उतरला की फाळका लगेच वर घेऊन कडी लावावी. बंद फाळक्याच्या मागं बसलेला भाजीवाला किंवा लहान मूल चालकाला कुठल्याच आरशात दिसत नाही. रिव्हर्सचा सेन्सर असला तरी सळईचं टोक आणि दुचाकीचं हँडल त्याला कधी कळतं, कधी नाही. क्लीनरनं गाडीच्या मागं उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करू नये. त्यानं चालकाच्या बाजूला, उजव्या आरशात पूर्ण दिसेल असं उभं राहावं आणि हौद्यावर थाप पडली की चालकानं विचार न करता ब्रेक मारावा. क्लीनर आरशातून गायब झाला तरीही ब्रेकच.

हौसेनं फोर बाय फोर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या गाड्यांत पुढची-मागची चाकं एका वेगानं बांधली जातात. घाटातल्या चिखलातून परत आल्यावर फोर-एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) तसाच राहिला आणि कोरड्या डांबरावर चाक पूर्ण कापलं, तर गाडी अडखळते, टायर उड्या मारतात आणि वळण रुंद होतं. पार्किंगात शिरण्याआधी टू-एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांचा गिअर, टाकावा.

तळघरातल्या पार्किंगबद्दल थोडक्यात, हायलक्स-व्ही-क्रॉसची उंची १.८ मीटरच्या पुढं असते, त्या बहुधा जातात. जाळीचा किंवा ताडपत्रीचा सांगाडा असलेली मालवाहू गाडी तुळईला अडकते. सांगाड्याची उंची मोजून ती चालकासमोर काचेवर लिहून चिकटवावी.

आता महापालिका आणि वाहतूक शाखेला विनंती. इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल असं वाहन उभं करू नये, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ सांगतं आणि ते पिकअपला लागू आहेच, दंड झाला तर कुरकुर नाही. पण नव्यानं पट्टे मारताना प्रत्येक रांगेच्या टोकाचा एक चौकोन ३ बाय ६ मीटरचा आखला तर रांगेतली एखादीच मोटार कमी होईल आणि गल्ली मोकळी राहील. टोकाचाच चौकोन हवा, कारण तिथं एका बाजूला शेजारी नसतो आणि वळायला जागा मिळते. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात आणि कपिलतीर्थ मंडईजवळ माल उतरवण्यासाठी सकाळच्या ठरावीक वेळेचे असे दोन-तीन चौकोन, जमिनीवर वेळ रंगवून, दिले तर तिरक्या गाड्या निम्म्यानं तरी कमी होतील. मैदानातल्या पार्किंगमध्ये चाकाचा अडथळा मागच्या भिंतीला चिकटवून न बसवता भिंतीपासून तीन फूट अलीकडं बसवावा. तिथं टायर टेकला की शेपूट भिंतीच्या अलीकडं थांबते, ना भिंत फुटत ना फाळका चेपत. फक्त असा अडथळा बसवताना चौकोनाची लांबी पुढून फूट-सव्वाफूट वाढवावी लागेल, नाहीतर पुन्हा तोंड गल्लीतच.

आपले,
शिवाजी उद्यमनगरातील काही पिकअपचालक व गॅरेजवाले, कोल्हापूर