मॉरिसचे पार्ट आणि तुझ्या माळ्यावरचं झाकण

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस की आजोबांच्या जुन्या गाडीची दुरुस्ती कुठवर आली, आणि मी नुसतं "चाललंय" म्हणून विषय बदलला. राग मानू नकोस, ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये म्हणून आज लिहायला बसलोय. पाऊस असा लागलाय की पागोळ्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, लाईट सकाळीच गेली, आणि मांगरात आजोबांची मॉरिस ताडपत्रीखाली उभी आहे, चाकं नसलेली, इंजिन बाहेर काढलेलं.

तुला ती नुसती "आजोबांची गाडी" म्हणून आठवत असेल. ती मॉरिस एट, १९३६ ची, वरून उघडी टूरर. ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, तीन गिअर, आणि पाण्याला पंपच नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड होऊन खाली उतरतं, आपल्या बंबात जसं वरचं पाणी आधी तापतं तसंच. इंग्लंडात ह्या गाड्या दोन लाखांवर बनल्या पण आपल्याकडे आता शोधून सापडत नाहीत, आणि त्यात खाऱ्या वाऱ्यात राहून शाबूत असलेली तर मी दुसरी बघितलेली नाही.

आता बोल्टची गंमत ऐक, ह्यात माझे तीन आठवडे गेले. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनावर हवा-धुराचा पाइप असतो त्याचा, एक स्टड तुटला, स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. नटाला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, पाना अगदी फिट बसतो, म्हणून मी धरून चाललो की आटेपण व्हिटवर्थ, ब्रिटिश गाडी म्हटल्यावर दुसरं काय असणार. पण व्हिटवर्थची आटे पाडायची डाय काही केल्या चढेना. मग नाटे बंदरावर होड्यांच्या इंजिनांचं काम करणारे टर्नर चाचा आहेत, त्यांच्याकडे तो तुकडा कागदात गुंडाळून घेऊन गेलो. त्यांनी खिशातून थ्रेड गेज काढला, एकेक पाती आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरली, आणि म्हणाले, "ये तो मिलीमीटर है." ८ मिलीमीटर, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलीमीटर! आणि बाजारातला साधा ८ चा बोल्ट असतो सव्वा पिचचा, तो दोन आटे आत जातो आणि अडकतो, जोर लावलास तर ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणून समज.

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. कॉव्हेंट्रीला हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा इंजिनाचा कारखाना होता, मॉरिसने तो १९२३ मध्ये विकत घेतला. तिथली सगळी मशीनं मेट्रिक आटे पाडणारी. एवढी मशीनं कोण बदलणार, म्हणून आटे फ्रेंच ठेवले आणि नट-बोल्टांची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली, म्हणजे इंग्रज मेकॅनिकच्या हातातला पाना चालला पाहिजे. एवढा विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला खरंच आदर वाटतो. चाचांनी आठही स्टड नवीन केले आणि नट मुद्दाम पितळेचे दिले, गरम होऊन जाम होत नाहीत म्हणून.

तेव्हापासून मी एक पाळतो, जुना पार्ट हातात असल्याशिवाय कुठेही जायचं नाही. नाव सांगून, फोटो दाखवून पार्ट मिळत नाही रे. सुरुवातीला मी मुंबईच्या एका दुकानदाराला आगाऊ पैसे पाठवले पिस्टन रिंगा आणि गॅस्केटसाठी, त्याने छातीठोकपणे सांगितलं की बेबी हिंदुस्थानचं सगळं ह्याला चालतं. बेबी हिंदुस्थान म्हणजे मॉरिस मायनर, तिच्यात सुरुवातीला ९१८ सीसीचंच इंजिन होतं हे खरं, पण मधल्या काळात ते खूप बदललं गेलं. पार्सल आलं, माप घ्यायला व्हर्नियर लावला, एकही जुळेना, आणि पोटात गोळा आला. पैसे गेले ते गेलेच, पण सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्याने एकदाही माप विचारलं नाही.

मोठं काम झालं कोल्हापूरला. ह्या इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला तयार बेअरिंग शेल, म्हणजे बदलता येणाऱ्या वाट्या, नसतात, व्हाईट मेटल रॉडमध्येच ओतायचं असतं, कथील जास्त आणि सोबत अँटिमनी आणि तांबं. अणुस्कुरा घाटाने चारी रॉड आणि क्रँक घेऊन गेलो, दोन गॅरेजांत हात वर केले, आणि मग एका म्हाताऱ्या कारागिराकडे पोचलो ज्यांनी आयुष्यभर गुऱ्हाळांची जुनी ऑइल इंजिनं केली. ते रॉड आधी तापवतात, आतून कल्हई करतात, भांड्याला करतात तशीच, नाहीतर धातू धरत नाही, मग एका धारेत ओततात, मध्ये हात थांबला की संपलं. बोअर करून झाल्यावर क्रँकला निळा रंग लावला, रॉड बसवून फिरवला, काढला, जिथे निळं लागलं तेवढंच स्क्रेपरने खरवडलं, पुन्हा लावला. एका रॉडला अख्खी दुपार. मी बाजूला स्टुलावर बसून बघत होतो, चहा दोनदा गार झाला. शेवटी रॉड आडवा धरून सोडला तर स्वतःच्या वजनाने हळूऽ खाली आला, धप्पकन पडला नाही की अडकलापण नाही. त्यांनी मान डोलावली फक्त.

हुडाच्या, म्हणजे वरच्या कापडी छपराच्या, लाकडी कमानी कुजल्या होत्या, त्या जैतापूरच्या खाडीवर होडी बांधणाऱ्या सुतारकाकांनी केल्या. मी म्हटलं वाफेवर वाकवायचं का, तर म्हणाले, "वाकवायचा कशाला, वाकलेलाच शोधूया," आणि मुळातच वाकडी वाढलेली सागाची फांदी काढली, होडीच्या फासळ्यांसाठी ठेवलेली. कार्बोरेटर एसयू कंपनीचा आहे, त्याचं सामान इंग्लंडात बर्लेन नावाच्या कंपनीकडे आजपण नवीन मिळतं, ती एकच गोष्ट सरळ झाली. टायर ४.५० बाय १७ चे, ते अजून बाकी. आणि सगळं झालं की नोंदणीचा व्हीए नंबर घ्यायचा, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ती वेगळी सीरिज आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितोय ते. रेडिएटरचं झाकण. आठवतंय, सातवीच्या मे महिन्यात आपण ते फिरवून काढलं आणि तुमच्या ओटीवर चिखलात शिक्के मारत बसलो, आणि तुझ्या आजीने ते हिसकून पत्र्याच्या डब्यात टाकलं, माळ्यावर, भाताच्या जुन्या कणगीशेजारी? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजोबा बिचारे नंतर कापडाचा बोळा लावून गाडी चालवायचे. चाचा म्हणतात दुसरं करून देतो, पण मला तेच हवंय, त्याच्या कडेला आजोबांच्या पकडीचे दोन वण आहेत.

गणपतीला येशील तेव्हा घराची किल्ली विसरू नकोस, आणि टॉर्च घेऊन ये, माळ्यावर बल्ब नाहीये. डबा नाही मिळाला तर सगळा माळा उतरवू, दोन दिवस लागले तरी चालतील. वहिनींना आणि पोरांना सांग, मोदक आमच्याकडे.

तुझाच,
गण्या