बोलणी दोन वर्षं, टेकड्या त्याच

संपादक साहेब,
युद्ध अडकलं की शांतता लगेच येते असं बरेच जण म्हणतायत, पण उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या युद्धाचं बघा ना. जुलै १९५१ला बोलणी सुरू झाली तेव्हा फ्रंट ३८ अक्षांशाच्या, म्हणजे दोन्ही कोरियांच्या जुन्या सीमेच्या, आसपास अडकलेलाच होता, तरी युद्धबंदीवर सही व्हायला २७ जुलै १९५३ उजाडला! कुणीच हरत नव्हतं म्हणून कुणालाच घाई नव्हती, टेबलावर वजन पडावं म्हणून पोर्क चॉप हिलसारख्या टेकड्यांसाठी पोरं मरत राहिली आणि गाडी अडली कुठे, तर युद्धकैद्यांना जबरदस्तीने परत पाठवायचं का यावर. शेवटी परत जायला नकार देणारे कैदी सांभाळायला भारताची फौज गेली, आपल्या कोल्हापूरच्या जनरल थोरातांच्या हाताखाली. हे शाळेत शिकवा हो.
— एक वाचक, सांगली