हिशेब मागा, पण मत कुणाला दिलं ते विचारू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पॅलेस्टिनींना मिळणाऱ्या परदेशी मदतीबद्दल आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना : ‘पैसा देणारा अटी घालणारच, त्यात गैर काय?’ मी औशाचा. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेची कीर्द-खतावणी बावीस वर्षं लिहिली. संस्थेत पैसा बाहेरच्या देशांतून यायचा. त्यामुळे अटी म्हणजे काय हे मी बोटांच्या पेरांवर सांगू शकतो.

1994 साली आमच्या हिशेबातले 340 रुपये नामंजूर झाले होते. गावच्या बैठकांत चहा दिलेला, आणि टपरीवाला पावती कुठून देणार? परदेशातून आलेला तपासनीस हटून बसला. शेवटी तीन टपरीवाल्यांचे अंगठे घेऊन व्हाउचरं केली. ती त्याने भिंगातून पाहावीत तशी पाहिली आणि तरीही नाही म्हणाला. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ बोललो. आज म्हणतो, तो बरोबर होता. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब पैशापैशाने द्यावा लागतो.

पण बावीस वर्षांत एकाही साहेबाने मला हे विचारलं नाही की, तुमच्या गावचा सरपंच कोणत्या पक्षाचा? तो निवडून आला म्हणून पुढचा हप्ता अडवू का? माझं म्हणणं एवढ्याच फरकाबद्दल आहे.

योगायोग पाहा. भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. दुसऱ्याच दिवशी, 1 ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये देणगीदार देशांची बैठक भरली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या ओस्लो करारावर सह्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पॅलेस्टिनींसाठी पाच वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक देण्याची आश्वासनं तिथे दिली गेली. जागतिक बँक तिकडेही होती आणि इकडेही. आमच्याकडे तिच्या कर्जातून घरं उभी राहिली, 52 गावं नव्या जागी गेली. त्या वसाहतींबद्दल तक्रारी भरपूर आहेत. रांगेतली घरं, ना वाडा ना ओसरी, कित्येकांनी पुढे भिंती पाडून जनावरं बांधायला जागा केली. तरी ती गावं आज आहेत. रात्रीतून कुणी बुलडोझर घेऊन आलं नाही.

गाझाच्या विमानतळाचं काय झालं? जपान, स्पेन, जर्मनी, इजिप्त, सौदी अरेबिया अशा देशांच्या पैशातून तो बांधला गेला आणि नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाला. डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन स्वतः तिथे जाऊन आले. डिसेंबर 2001 मध्ये इस्रायलने त्याचं रडार उडवलं, पुढच्या महिन्यात धावपट्टी उखडली. आमच्या खतावणीत घसाऱ्याचं शीर्ष असायचं. ‘दुसऱ्याने पाडून टाकलं’ असं शीर्ष मी कधी पाहिलं नाही, आणि देणगीदारांनीही ते उघडलेलं दिसत नाही.

आता मताची गोष्ट. 25 जानेवारी 2006 रोजी पॅलेस्टिनी विधिमंडळाची निवडणूक झाली. ती व्हावी म्हणून अमेरिका आणि युरोपनेच आग्रह धरला होता, निरीक्षकही पाठवले होते. 132 पैकी 74 जागा हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेला मिळाल्या. पाच दिवसांत अमेरिका, रशिया, युरोपीय महासंघ आणि संयुक्त राष्ट्रं या चौकडीने तीन अटी सांगितल्या : हिंसा सोडा, इस्रायलला मान्यता द्या, आधीचे करार पाळा. अटी वाचायला काही वाईट नाहीत. हमासने बसमध्ये बॉम्ब फोडून माणसं मारली होती, त्याची कुणी भलामण करू नये, मी तर नाहीच करणार. पण अटी पुऱ्या होईनात म्हणून हप्ता थांबला तो कुणाचा? दीड लाखाहून अधिक सरकारी नोकरांचा पगार अडकला. त्यात मास्तर होते, नर्स होत्या, आणि हमासच्या विरोधात मत दिलेलेही होते. वर युरोपने नवीन वाट काढली : सरकारला बाजूला ठेवून पैसे थेट माणसांच्या खात्यात आणि इंधनासाठी. मदतीचा एकूण आकडा त्यामुळे घटला नाही, उलट वाढला. वर्षानुवर्षं ज्या सरकारी खात्यांना हिशेब लिहायला शिकवलं, तीच खाती देणगीदारांनी आपल्या हाताने कोरडी पाडली. हिशेबनीस म्हणून मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

त्या पत्रलेखकांच्या लक्षात बहुधा एक गोष्ट आलेली नाही. ज्याला आपण सरसकट ‘मदत’ म्हणतो त्यातला मोठा पैसा मदत नाहीच. 1994 च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी भागात जाणाऱ्या मालावरची जकात आणि कर इस्रायल गोळा करतं, तीन टक्के हाताळणीचे कापतं आणि उरलेले त्याने दरमहा पॅलेस्टिनी प्रशासनाला, म्हणजे त्यांच्या सरकारला, द्यायचे असतात. प्रशासनाच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाच. हा पैसा त्यांच्या लोकांनी साखर, सिमेंट आणि पेट्रोल घेताना भरलेला. तो 2006 मध्ये अडवला. 2011 मध्ये पॅलेस्टाइनला युनेस्कोचं सदस्यत्व मिळालं म्हणून अडवला. 2019 पासून त्यातून, इस्रायली तुरुंगांतल्या पॅलेस्टिनी कैद्यांच्या कुटुंबांना प्रशासन जी रक्कम देत असे तेवढी कपात सुरू झाली, आणि ऑक्टोबर 2023 नंतर गाझासाठीच्या रकमेचीही. घरमालकाने भाडेकरूचा पगार परस्पर उचलावा आणि तू कसा वागतोस ते पाहून देईन म्हणावं, तसं हे. याला अट म्हणायचं?

कैद्यांच्या पैशाबद्दल मात्र मी देणाऱ्यांच्या बाजूने आहे, निदान अर्धा तरी. तुरुंगवासाची शिक्षा जितकी लांब तितका भत्ता जास्त, ही पद्धत कुठल्याही करदात्याला खटकेल. ही पद्धत थांबेपर्यंत मदत रोखणाऱ्या 2018 च्या टेलर फोर्स कायद्याने अमेरिकेने त्यावर बोट ठेवलं. अखेर फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यक्ष महमूद अब्बास यांनी ती पद्धत मोडून गरजेनुसार मदत देण्याचा हुकूम काढला. पण या अब्बासांनी 2006 नंतर संसदेची निवडणूकच होऊ दिलेली नाही, आणि त्याबद्दल तीन अटींसारखी ठणठणीत अट कुणी घातल्याचं मला आठवत नाही. मत चुकीच्या माणसाला पडलं तर शिक्षा, मतच घेतलं नाही तर चालतं.

काही अटी इतक्या लहान असतात की बातमीत येत नाहीत. अमेरिकी पैसा घेणाऱ्या पॅलेस्टिनी संस्थांना लिहून द्यावं लागे की पैसा दहशतवादी म्हणून यादीत घातलेल्या गटांना पोचणार नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्यांचीही नावं तपासणीसाठी मागितली जात. युरोपनेही तसं कलम घातलं. अनेक संस्थांनी सही नाकारली आणि पैशावर पाणी सोडलं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही परदेशी निधीचा कायदा आहेच. आहे ना! 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या एकाच बँक शाखेत खातं उघडायचा फतवा निघाला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण माझ्या जागी आलेल्या पोराला कागदपत्रं लावायला रोज जात होतो. तो कायदा मला आवडत नाही. पण तो आपल्या संसदेने केलाय, त्याविरुद्ध मी आपल्या आमदार-खासदारापुढे ओरडू शकतो. पॅलेस्टिनी प्रशासन जिथून चालतं त्या रामल्लाच्या हिशेबनिसाने कुणापुढे ओरडायचं, वॉशिंग्टनच्या की ब्रुसेल्सच्या?

पॅलेस्टिनी शाळांच्या पाठ्यपुस्तकांवरूनही असंच झालं. त्यांत इस्रायलविरोधी मजकूर आहे, या वादात युरोपीय आयोगाने 2021 सालच्या मदतीचे 20 कोटी युरोहून अधिक रोखले, ते जून 2022 मध्ये मोकळे केले. मधल्या काळात पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात कॅन्सरच्या पेशंटांना उपचारावाचून थांबावं लागलं. धडा पुस्तकातला, आणि थांबली केमोथेरपी.

आपण भारतीयांनी हे विसरू नये, कारण आपण दोन्ही बाजूंना बसलोय. 1966 मध्ये अमेरिकेचा गहू आपल्याकडे महिन्या-महिन्याच्या बोलीवर येत होता. शेतीचं धोरण बदला ही उघड अट होती, आणि अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर आपण टीका करतो याचा रागही. वडील रेशनचा गहू निवडताना ‘हे फुकटचं नाही’ म्हणत. आज भारत पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला, उनर्वाला, 2018 पासून वर्षाला 50 लाख डॉलर देतो. हा देणारा भारत तरी घेणाऱ्याच्या बाजूने काही बोलेल, असं मला वाटत होतं.

शेवटी एक नोंद. बेथलेहेमजवळ जुब्बेत अध-धिब नावाचं छोटं गाव आहे. तिथे नेदरलँड्सच्या पैशातून सौर विजेची यंत्रणा बसवली होती. इस्रायलची परवानगी नव्हती म्हणून जून 2017 मध्ये इस्रायली अधिकारी येऊन पॅनेल उचलून घेऊन गेले. डच सरकारने तक्रार केली, पाठपुरावा केला, आणि काही महिन्यांनी पॅनेल परत आले. 340 रुपयांसाठी आमच्याशी भांडलेल्या त्या तपासनिसाचा देश कोणता ते इथे सांगत नाही. पण त्याने असल्या कामात तेवढाच हट्ट धरला असता, तर त्या चहाच्या पैशांचं मला काही वाटलं नसतं.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
औसा, जि. लातूर