क्षारपड जमिनीतल्या जीवांचीही नोंद घ्या : कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अथणी तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. घरचा ऊस आहे आणि मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हे पत्र क्षारपड जमिनीबद्दल आहे, पण नुकसानभरपाईसाठी नाही.

अथणी, रायबाग, चिकोडी भागात रानं कशी फुटतात, म्हणजे क्षारपड होतात, ते आपल्या खात्याला ठाऊक आहे. काळी भारी माती, निचरा कमी आणि वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं, मीठ तेवढं मागं राहतं. मार्च-एप्रिलात अशा रानात खुरपं घातलं की पांढरी खपली सुटते. खाली माती ओलसर, चिकट. कडेला तग धरलेल्या उसाची पानं शेंड्याकडून करपलेली. असल्या रानाला आमच्याकडं सर्रास 'मेलेली जमीन' म्हणतात. मला हे मान्य नाही.

त्या खपलीखालची चिमूटभर माती आमची मुलं प्रयोगशाळेत वाढीला लावतात, तीही नेहमीच्या पोषक माध्यमात शेकडा १० मीठ घालून. इतक्या मिठात साधे जीवाणू टिकत नाहीत. इथं मात्र थोड्याच दिवसांत मलईच्या रंगाच्या, ओल्या चकचकीत वसाहती उठतात. मिठात रमणाऱ्या जीवाणूंची हॅलोमोनास ही एक मोठी प्रजाती. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावरच्या मिठागरात सापडलेल्या जीवाणूवरून १९८० साली तिचं पहिलं वर्णन झालं. पुढं हे जीवाणू समुद्रात, खाऱ्या तळ्यांत, खारवट मातीत मिळत गेले; टायटॅनिक जहाजाच्या गंजातही मिळाले, आणि २०१० मध्ये त्या जातीला जहाजाचंच नाव दिलं गेलं. लोणार सरोवरात ते आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या हॅलोमोनासकडून निसर्गात कुजणारं प्लास्टिक तयार करून घेतलं. आमच्या मुलांच्या काचपात्रातले जीवाणू नेमके कुठल्या प्रजातीचे, हे ठरवायला जनुकीय तपासणी लागते. ती सोय तालुक्याच्या कॉलेजात नसते.

भोवती मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हॅलोमोनास त्यावर एक्टोइन नावाचा पदार्थ पेशीत साठवतो आणि पाणी धरून ठेवतो. खारं पाणी काढून एकदम गोडं पाणी घातलं, की साठवलेलं एक्टोइन तो बाहेर टाकतो. पुन्हा मिठात ठेवला की पुन्हा साठवतो. जर्मन शास्त्रज्ञांनी याच खुबीवर या जीवाणूंची अक्षरशः धार काढायचं तंत्र बसवलं. ते एक्टोइन आज डोळ्यांच्या थेंबांत, नाकाच्या फवाऱ्यांत, त्वचेच्या मलमांत असतं. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगतो तेव्हा ती बांधापलीकडच्या पांढऱ्या रानाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे जीवाणू जमिनीतलं मीठ काढून नेत नाहीत. जमीन सुधारायला जमिनीखालून सच्छिद्र पाइप, चर, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) रानाला जिप्सम आणि पाण्यावर ताबा, हेच लागतं. बाटली ओता आणि जमीन सुधारा, असं सांगून विकणाऱ्यांना आपल्या खात्यानं आवर घालावा. पण रान सुधारेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर पिकाला नत्र-स्फुरद हवंच. दुकानातली साधी जिवाणू खतं अशा मिठात तग धरत नाहीत. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्रानं उत्तर प्रदेशातल्या उसर म्हणजे क्षारट, नापीक जमिनींसाठी क्षार सोसून पिकाला नत्र-स्फुरद मिळवून देणाऱ्या जीवाणूंची 'हॅलो-अ‍ॅझो', 'हॅलो-पीएसबी' अशी खतं तयार केली आहेत. आमच्या काळ्या मातीसाठी असं काही करायचं तर आधी आमच्याच मातीत शोधायला हवं.

हा शोध कुणी घेत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात. सामू येतो, क्षारता येते, जस्त-बोरॉन येतं. जिवंत असं काहीच येत नाही.

म्हणून मागणी अशी, की या तीन तालुक्यांत जिथं जिथं निचऱ्याचं काम मंजूर होईल, तिथं पाइप पडण्याआधी मातीचे नमुने घेऊन त्यातले जीवाणू वेगळे करावेत. मीठ धुऊन निघालं की ते जीवाणूही विरळ होतील, मग शोधून मिळायचे नाहीत. धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि क्षारपड जमिनीवर काम करणारं गंगावतीचं केंद्र यांना हे काम द्यावं. ओळख पटलेले जीवाणू उत्तर प्रदेशातल्या मऊ शहरातल्या किंवा पुण्याच्या राष्ट्रीय जीवाणू-संग्रहांत ठेवावेत. नमुने काढायचं आणि सुरुवातीच्या वाढीचं काम तालुक्याच्या कॉलेजांकडं सोपवावं. त्याला खर्च फार नाही. आणि माती तपासणीचा अहवाल शेतकऱ्याला कन्नडबरोबर मराठीतही मिळावा, कारण तो बांधावर उभं राहून वाचायचा असतो.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात येता. तेव्हा रानातलं मीठ फारसं दिसत नाही. एकदा एप्रिलात या, आणि येताना विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ सोबत आणा. नमुने काढायला आमची मुलं तयार आहेत.

आपला नम्र,
एक शेतकरी व शिक्षक
अथणी तालुका, जि. बेळगाव