‘मुलांना काय कळतं त्यातलं?’ : ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी निसर्ग सहलीबद्दल तक्रार

मा. व्यवस्थापक,

आज दुपारी सव्वातीन वाजता तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी माझं पाचव्यांदा बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही. माझं म्हणणं लेखी देते आहे आणि उत्तरही मला लेखीच हवं आहे.

सहल काय होती ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, माहितीपत्रक तुम्हीच छापलं आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या प्रवाळरांगेवर सागरी जीवशास्त्रज्ञाबरोबर पूर्ण दिवस. डेन्ट्रीच्या वर्षावनात तिथल्याच, कुकू यलांजी या मूळ रहिवासी समाजातल्या मार्गदर्शकाबरोबर पायी. मग लाल वाळवंटात उलुरूचा अजस्र खडक आणि काटा जुटाचे खडकाळ घुमट, तेही चालत. दर १२ मुलांमागे एक निसर्ग अभ्यासक. अकरा दिवस, ४ लाख १५ हजार रुपये. त्यातले अडीच लाख आम्ही पतसंस्थेतून उचलले. हप्ते अजून चालू आहेत.

आणि ३४ मुलांबरोबर निसर्गातलं काही सांगू शकेल असा एकही माणूस तुम्ही पाठवला नाही. दोन टूर मॅनेजर होते. हजेरी घेणं, जेवणाची सोय बघणं, मुलांना बसमध्ये चढवणं-उतरवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी व्यवस्थित केलं. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणी हरवलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशी सहल मला चौथ्या हिश्शाच्या पैशांत कुठेही मिळाली असती. मी जास्तीचे पैसे अभ्यासकासाठी मोजले होते.

माझी मुलगी नववीत आहे. तिचं आजोळ मालवण. सात वर्षांची असताना माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका होडीवाल्यांनी तिला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरवलं, डोळ्यांना चष्मा लावून खाली बघायला लावलं. ती तळावरच्या एका पिवळट गोळ्यावर पाय टेकवायला गेली, तर त्यांनी तिचा दंड धरला. ‘ह्येच्यात जीव आसा गो बाय, पाय ठेव नको.’ तेवढ्या एका वाक्यावर ही मुलगी आठ वर्षं जगली आहे. मालवणचा किनारा १९८७पासून सागरी अभयारण्य आहे हे आम्हा मालवणच्या माणसांना हिने शाळेत असताना सांगितलं. पोवळं हा प्राणी असतो, त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं, पाणी फार तापलं की पोवळं ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, पण लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतं, हे सगळं तिने स्वतः वाचून काढलं. ग्रेट बॅरियर रीफ २,३०० किलोमीटर पसरलेली आहे, हे आमच्या घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही पाठ झालं होतं. अशी मुलगी मी तुमच्या हवाली केली.

बाहेरच्या रांगेवर तुम्ही मुलांना नेलंच नाही. केर्न्सहून ग्रीन आयलंडला नेलं, किनाऱ्यापासून २७ किलोमीटरवर, तेही अर्ध्या दिवसासाठी. कारण काय, तर ‘मुलांना बोट लागते’. हे तुम्हाला आगाऊ रक्कम घेताना माहीत नव्हतं का? तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून २५ मिनिटं आणि पाण्यात जेमतेम अर्धा तास. नोव्हेंबर ते मे त्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात, अंगभर पोशाख घातल्याशिवाय मुलांना उतरवत नाहीत, हे इतकी वर्षं सहली नेणाऱ्या तुम्हाला ठाऊक असणारच. तरी त्या पोशाखाचं भाडं मुलांच्या खर्चाच्या पैशांतून रोख घेतलं. पत्रकात ‘सर्व शुल्कांसह’ लिहिलं आहे. १८ डॉलर ही मोठी रक्कम नाही, पण तिने ते आजीसाठी काहीतरी आणायला ठेवले होते.

काचेच्या बोटीत तिला फांद्याफांद्यांचं पोवळं दिसलं, सांबराच्या शिंगांसारखं. प्रत्येक फांदी तपकिरी आणि टोक तेवढं पांढरं. तिने तुमच्या टूर मॅनेजरला विचारलं, टोकं पांढरी का आहेत? त्यांनी सगळ्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘मेलीयेत ती. ग्लोबल वॉर्मिंग.’ मुलांनी वहीत तसं लिहून घेतलं. उतरताना माझ्या मुलीने बोटीवरच्या एका मुलीला, तिकिटं गोळा करणाऱ्या मुलीला, तेच विचारलं. तिने सांगितलं की ती फांदीची वाढती टोकं आहेत. तिथे वाढ इतकी वेगाने चालते की शैवाल अजून पोचलेलं नसतं, म्हणून ती पांढरी दिसतात. म्हणजे त्या पोवळ्याचा जो भाग सगळ्यात जोमाने वाढत होता, तोच मेलेला आहे असं तुमच्या माणसाने ३४ मुलांना शिकवलं. माझ्या मुलीने आपल्या वहीत दुरुस्ती केली. बाकीच्या ३३ जणांच्या वह्यांत अजून तसंच आहे.

डेन्ट्रीचा दिवस तर रद्दच. नदी ओलांडायच्या फेरीला रांग होती म्हणे. मग केबलकारने कुरांडा या गावाला नेलं आणि तिथल्या बाजारात साडेचार तास सोडून दिलं. बूमरँग, टोप्या, चाव्यांच्या साखळ्या. डेन्ट्रीतल्या मॉसमन गॉर्ज या दरीत पाऊल ठेवलं नाही. तिथे कुकू यलांजी लोक आधी धुराने स्वागत करतात, मग रानातून चालवत नेतात, पानं चोळून साबणासारखा फेस काढून दाखवतात. हे पत्रकात तुम्हीच फोटोसकट छापलं आहे. २०२१मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्या लोकांना परत मिळाली. आपलं रान परत मिळालेली माणसं ते रान स्वतः दाखवतात, यासारखा धडा मुलांना कुठल्या पुस्तकात मिळणार होता? माझ्या मुलीने त्या दिवसासाठी वहीत आधीच मथळे लिहून ठेवले होते. ‘कॅसोवरी : कुठली फळं अख्खी गिळतो, बिया कुठे टाकतो?’ हा एक, तिथल्या रानातल्या मोठ्या पक्ष्याबद्दलचा. दुसरा इडियोस्पर्मम या झाडाचा. हे झाड नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. १९७१मध्ये त्या भागात गुरं विषबाधेने मेली, त्यांच्या पोटात त्याच्या बिया निघाल्या आणि ते पुन्हा सापडलं. दोन्ही मथळ्यांखालची पानं कोरी आहेत.

आता वाळवंट. काटा जुटाची ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही पायवाट, त्या दिवशी पारा ३६ अंशांवर जाणार असा अंदाज असला, तर सकाळी ११ वाजता बंद करतात. नोव्हेंबरात तिथे असा अंदाज असणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे पहाटे निघायचं. तुम्ही नऊला नाश्ता ठेवला आणि पावणेबारा वाजता पोचलात. मुलांनी बंद असल्याची पाटी बघितली आणि बसमध्ये परत बसली. उलुरूच्या पायथ्याशी चालणंही झालं नाही. सूर्यास्ताला गाड्या लावायच्या जागेवरून फोटो तेवढे काढले. आणि तिथे तुमचे मॅनेजर मुलांना म्हणाले, ‘पूर्वी वर चढायला मिळायचं, आता सरकारने कटकट करून बंद केलंय.’

हे मला पोवळ्याच्या टोकांहून जास्त लागलं. तो खडक तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना पवित्र आहे. वर चढू नका, असं ते वर्षानुवर्षं येणाऱ्यांना विनवत होते. चढाई २६ ऑक्टोबर २०१९ला कायमची बंद झाली. तारीख तीच का, तर १९८५मध्ये त्याच तारखेला ती जमीन त्यांना परत मिळाली होती. आपल्याकडे देवराईत कुणी चपला घालून शिरला तर गावातलं लहान पोरही त्याला हटकतं. आमच्या मुलांना हे पटकन समजलं असतं. सांगणारा हवा होता. तोच तुम्ही पाठवला नाही.

आता आजच्या फोनबद्दल. आधीच्या चार वेळी मला ‘वरिष्ठांना कळवतो’ असं सांगितलं गेलं होतं. आज वीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर ज्या ताई बोलायला आल्या त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तुमच्या मुलीचा फोटो मी बघितलाय आमच्या पेजवर. किती छान हसतेय! म्हणजे तिने एन्जॉय केलंय.’

मी म्हटलं, मी हसण्याबद्दल विचारत नाहीये, मार्गदर्शकाबद्दल विचारतेय.

त्या म्हणाल्या, ‘पण मॅडम, जंगल दिसलं की केबलकारमधून. वरून तर आणखी छान दिसतं.’

मी विचारलं, कॅसोवरी वरून दिसतो का? त्यांना कॅसोवरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला शब्द पुन्हा सांगायला लावला. मी सांगितलं, माणसाएवढा उंच पक्षी, तुमच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर त्याचं चित्र आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘हां, तो शहामृग.’

मी तरीही शांतपणे विचारलं की अभ्यासक का नव्हता, याचं उत्तर द्या. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘खरं सांगू का मॅडम, मुलांना काय कळतं त्यातलं? त्यांना मित्रमैत्रिणींबरोबर मजा हवी असते. अपेक्षा आईवडिलांच्याच जास्त असतात. आणि माहितीच हवी असेल तर यूट्यूबवर सगळं आहे.’

ही वाक्यं मी लगेच लिहून काढली, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. माझी मुलगी शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती उठून आतल्या खोलीत गेली.

मुलांना काय कळतं? विद्यार्थी सहली विकणाऱ्या कंपनीने हे म्हणावं? पांढऱ्या टोकांबद्दल प्रश्न विचारणारी ती एक मुलगी होती, आणि चुकीचं उत्तर देणारा तुमचा पगारी माणूस होता. काय कुणाला कळतं ते यावरून ठरवा. त्या ताईंना नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्यांना जे शिकवलं तेच त्या बोलल्या असतील. शिकवणारे तुम्ही आहात. सहा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला तुम्हीच हिमालयात नेलं होतं. तेव्हाचे तुमचे सर मुलांना रात्री दोन-दोन तास तारे दाखवत बसायचे. त्या आठवणीवर विसंबून मी तुमच्याकडे आले होते.

माझ्या मागण्या अशा. बाहेरची रांग, डेन्ट्री, काटा जुटा आणि अभ्यासक, या न दिलेल्या सेवांचे पैसे परत करा, हिशेब मांडून. पोशाखाचं भाडं ३४ही मुलांना परत द्या. पोवळ्याबद्दल आणि उलुरूबद्दल जे चुकीचं सांगितलं गेलं त्याची दुरुस्ती सगळ्या मुलांच्या घरी लेखी पाठवा, आणि ती विषय जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. माझ्या मुलीचा फोटो तुमच्या पेजवरून आजच काढा. ती अल्पवयीन आहे, जाहिरातीसाठी तो वापरायला मी कधीच संमती दिली नव्हती. यापुढे तो कुणाला पुरावा म्हणून दाखवायचा नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९खाली मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. राहत्या जिल्ह्यात ती करता येते, तुमच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. १९१५ या हेल्पलाइनवर नोंद आजच करते आहे. बॅचमधल्या आणखी नऊ पालकांशी बोलले आहे, ते सोबत आहेत.

माहितीपत्रक, पैसे भरल्याच्या पावत्या, पाचही फोनच्या तारखा-वेळा आणि मुलीच्या वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कोरी पानंही तशीच ठेवली आहेत, ती गाळू नका.

एका विद्यार्थिनीची आई,
कोल्हापूर