दादाच्या वहीबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आईला रडू आलं आणि माझे शब्दच खुंटले, म्हणून लिहिते आहे. "डॉक्टरच प्यायला सांगतात, हा कसला इलाज?" या प्रश्नामागचा राग मला कळतो. पण ते प्यायला सांगत नाहीयेत. दादाला रोजच्या आठ पेगांवरून सहावर, मग चारवर आणताहेत, तेही तपासत तपासत.

एकदम तोडलं की काय होतं ते आपण पाहिलंय. आई, तू बाटल्या बेसिनमध्ये ओतल्यास, दुसऱ्या दिवशी दादाच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईना, आणि संध्याकाळी फिट आली. तुझी चूक नव्हती गं, आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती अचानक बंद झाली की पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून घरच्या घरी बंदी पुन्हा नको.

नाल्ट्रेक्झोनची गोळी त्याला पिण्याआधी तासभर घ्यायची आहे. तिने पिण्यातली मजा फिकी पडते, हळूहळू ओढ कमी होते. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, पण अनेकांना पडते. बी-१ ची गोळीही चुकू देऊ नका. ते जीवनसत्त्व कमी पडलं तर स्मरणशक्तीवर घाला पडतो.

बाबा, जेवणात गुपचूप मिसळायची ती डायसल्फिरामची गोळी कृपा करून आणू नका. डायसल्फिरामवर दारू पोटात गेली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला न सांगता ती देणं जिवावर बेतू शकतं.

रविवारी दादाने मला रोजचे पेग लिहायची वही दाखवली. सोमवार ६, मंगळवार ५, बुधवार ७. तो सात त्याने खोडला नव्हता. इतकी वर्षं कपाटामागे बाटली लपवणारा आपला दादा स्वतःहून सात लिहितो, याने मला फार धीर आला. तेव्हा बुधवारबद्दल त्याला बोलू नका. त्याच्यामागे वही उघडूनही बघू नका. तो दाखवेल तेव्हा बघा. संध्याकाळी आधी जेवायला वाढा, रिकाम्या पोटी दारू लवकर चढते.

गाडीची किल्ली रात्री बाबांकडे ठेवायची, हे त्याने स्वतः कबूल केलंय. शुक्रवारी त्याच्या लिव्हरची तपासणी आहे, मी गुरुवारी रात्रीच पोहोचते.

तुमची,
छोटी