बाबांच्या हेडफोनबद्दल, जरा सविस्तर

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा टीव्ही फार मोठ्यानं लावतात, त्यांना हेडफोन घेऊ या, असा विषय फोनवर निघाला की बाबा म्हणतात, "मी काय बहिरा झालोय का?" आणि मागून आई म्हणते, "खालच्या मजल्यावरच्यांना विचारा." तिथंच बोलणं संपतं. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी वाचा, आणि बाबा, अर्ध्यावर चष्मा काढून ठेवू नका.

बाबा, तुमची तक्रार मला पूर्ण पटते. "आवाज येतो, पण काय बोलतायत ते कळत नाही," असं तुम्ही म्हणता ना, वयानं कान थकले की नेमकं तसंच होतं. कानाच्या आत शंखाकृती नळी असते. तिच्यातल्या बारीक पेशी हळूहळू कमी होत जातात, आणि त्यातही उंच पट्टीतला आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीतले, ते दणदणीत ऐकू येतात. स, श, फ, त, ठ यांचा नाद वरच्या पट्टीतला आणि मुळातच हलका. त्यामुळे समालोचक 'सात' म्हणाला की 'साठ', हा घोळ होतो. अशा वेळी रिमोट घेऊन आवाज वाढवला तर 'आ' आणखी मोठा होतो आणि 'ठ' तरीही पुसटच राहतो. मालिकांमध्ये तर प्रत्येक वाक्यामागं ढॅण् ढॅण् संगीत. ते वाढतं, संवाद त्याखाली जातो.

शिवाय दोष सगळा कानाचा नाही. आपल्या जुन्या डबा टीव्हीचा स्पीकर समोर तोंड करून होता. आताचे टीव्ही इतके पातळ, की स्पीकर खाली नाहीतर मागं बसवतात. आवाज आधी भिंतीवर आणि शोकेसच्या काचेवर आपटतो, मग पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर ओलांडून दिवाणापर्यंत येतो. हेडफोनचा खरा फायदा इथं आहे. आवाज मोठा करायला तो नकोच आहे आपल्याला. मधली सगळी खोली वगळून संवाद थेट कानाशी येतो, म्हणून कमी आवाजातही शब्द सुटे ऐकू येतात.

आई, तुझी गरज वेगळी आहे. तुला भाजी निवडता निवडता टीव्हीचा आवाज १२ वर पुरतो. बाबांनी हेडफोन लावला आणि टीव्ही मुका झाला तर तू काय नुसती चित्रं बघणार? जी वस्तू घ्यायची तिच्यामुळे टीव्हीचा स्पीकर बंद पडता कामा नये. या एका अटीवर मी दुकानातल्या निम्म्या वस्तू बाद केल्या.

वायरवाला हेडफोन सगळ्यात स्वस्त आणि आवाजाला अजिबात उशीर नाही. पण त्याची पिन खोचली की बऱ्याच टीव्हींचा स्पीकर आपोआप बंद होतो, आणि हॉलमधून आडवी वायर म्हणजे कुणीतरी पाय अडकून पडणार हे ठरलेलं. बाद.

दादा म्हणतो, "ब्लूटूथचा घे, दोन मिनिटांत जोडून होतो." होतो, खरंय. दादाला ते फोनवर गाणी ऐकायला उत्तम आहे. टीव्हीशी मात्र साधा ब्लूटूथ हेडफोन जोडला की आवाज आधी दाबून बारीक केला जातो, तुकड्या-तुकड्यानं पाठवला जातो आणि पलीकडे परत उलगडला जातो. यात सहज १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आकडा किरकोळ वाटेल, पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं १९९८ मध्ये प्रसारणासाठी जी शिफारस केली, तिच्यानुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागं पडला की माणसाला ते कळायला लागतं. चेंडू बॅटला लागून गेल्यावर 'टक्' ऐकू येणार. आणि बाबा, तुम्ही नकळत निवेदकाच्या ओठांकडे बघून शब्द जुळवता, हे मी दिवाळीत पाहिलंय. ओठ एक सांगतायत आणि कान दुसरंच, असं झालं तर तुम्हाला आताहून कमी कळेल. कमी उशिराचं ब्लूटूथही मिळतं, पण ते टीव्ही आणि हेडफोन या दोन्ही बाजूंना असावं लागतं. आपल्या टीव्हीत ते नाही. त्यात पुन्हा ब्लूटूथ जोडलं की कित्येक टीव्ही स्वतःचा स्पीकर बंद करतात. म्हणजे आई पुन्हा चित्रांवर. एका टीव्हीवरून हव्या तितक्या हेडफोनना आवाज देणारी ऑराकास्ट नावाची पद्धत २०२२ मध्ये जाहीर झाली आहे. पुढचा टीव्ही घेताना तिचा विचार करू. हेडफोनसाठी चांगला चालणारा टीव्ही बदलण्यात अर्थ नाही.

इन्फ्रारेडवाले मी बघितलेसुद्धा नाहीत. त्यांना टीव्ही आणि डोकं यांच्यामध्ये काही आलेलं चालत नाही, आणि आपल्या घरात सातच्या बातम्यांना नेमकी आई चहा घेऊन मधून जाते.

माझं मत पडलं ते खास टीव्हीसाठीच्या रेडिओ लहरींच्या हेडफोनवर. यात एक छोटं स्टँड असतं, ते वायरनं टीव्हीला कायमचं जोडून ठेवायचं. त्यातून हेडफोनला रेडिओ लहरींनी आवाज जातो. चांगल्या डिजिटल संचात उशीर जाणवत नाही, आणि लहरी भिंतीपलीकडे जात असल्यामुळे गॅलरीत झाडांना पाणी घालतानाही समालोचन चालू राहील. उठताना हेडफोन परत स्टँडवर ठेवला की चार्जिंग सुरू. पिन शोधा, उलटी की सुलटी बघा, ही भानगड नाही. काही संचांत रिमोटमध्ये घालतो तसे बारके सेल असतात, फक्त रिचार्ज होणारे. मला तसाच हवाय, कारण दोन-तीन वर्षांनी सेल दमले तर नाक्यावरच्या दुकानातून आणून बदलता येतात.

तो जोडायचा कुठं, हेही बघून ठेवलंय. गेल्या खेपेला मी टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढला होता, तेव्हा बाबा हसले होते. त्यात एक चौकोनी छिद्र आहे, झडप सरकवली की आत लाल उजेड दिसतो. ते ऑप्टिकल आउटपुट. त्यातून तारेऐवजी प्रकाशानं आवाज बाहेर येतो. जपानच्या तोशिबानं १९८३ मध्ये काढलेली सोय आहे, अजून टिकून आहे. तिथं स्टँड जोडलं तरी बहुतेक टीव्हींचा स्पीकर चालू राहतो. आपलाही राहतो, मी मेन्यूत जाऊन पाहिलंय. म्हणजे आईचा टीव्ही १२ वर, आणि बाबांचा आवाज त्यांच्या कानावरच्या चाकानं, हवा तेवढा. रिमोटवरून भांडण नको. फक्त मेन्यूत डिजिटल आवाज 'पीसीएम'वर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर, ठेवावा लागतो. डॉल्बी या दाबलेल्या प्रकारावर राहिला तर हेडफोनमध्ये चिडीचूप होतं आणि लोक वस्तू खराब म्हणून परत करतात. ते मी करून देईन.

आता आकार. बाबांचा डावा कान लहानपणी फुटायचा, आजी सांगायची. त्यामुळे कानात बोंडं खुपसायचा प्रकार त्यांच्यासाठी नकोच, हनुवटीखालून स्टेथोस्कोपसारखा लटकणाराही नको. पूर्ण कान झाकून गच्च बंद करणारा घेतला तर दाराची बेल ऐकू येणार नाही, चष्म्याच्या काड्या कानशिलावर रुततील, आणि सांगलीच्या मे महिन्यात घामानं कान भिजतील ते वेगळंच. म्हणून बाहेरचा आवाज थोडा आत येऊ देणारा, कापडी गादीचा, हलका असा बघतेय. डाव्या-उजव्या कानाचा आवाज वेगवेगळा ठेवता येणारा मिळाला तर त्याला थोडे जास्त पैसे द्यायची माझी तयारी आहे. किंमत विचारू नका. विचारलीत तरी मी खरी सांगणार नाही.

पण पैसे भरण्याआधी माझी एक अट आहे. बाबा, मिरजेला जाऊन कान दाखवून या. दोन कानांत फरक वाटतोय हे तुम्ही स्वतःच म्हणालात, आणि तो फरक कशामुळे आहे हे डॉक्टरनंच बघायला हवं. कदाचित नुसता मळ असेल, पाच मिनिटांत निघेल. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबहून माणसं मिरजेला येतात, आणि आपण सांगलीत राहून टाळाटाळ करतो. ऑडिओग्रामचा कागद नक्की मागून घ्या आणि मला त्याचा फोटो पाठवा. त्यावरून कुठली पट्टी किती कमी ऐकू येते ते दिसतं. त्यांनी श्रवणयंत्र सांगितलं तर रागावू नका. मग माझी सगळी निवड बदलेल, कारण कानामागच्या यंत्रावर हेडफोन चढवला की ते शिट्टी मारू शकतं. त्या यंत्रांसाठी टीव्हीला जोडायची वेगळी डबी मिळते, ती आवाज थेट यंत्रात सोडते.

आवाजाचंही सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबल इतका आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तासच. घरी मोजणार कोण? त्यामुळे साधं करू. हेडफोन लावलेला असताना आईनं शेजारून नेहमीच्या आवाजात हाक मारायची. ऐकू आली नाही तर चाक खाली. आई, या परीक्षेत उगाच हळू बोलायचं नाही.

तोवर आजच एक करून बघा, फुकट आहे. टीव्हीच्या साउंड मेन्यूत 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसलं काहीतरी असेल ते चालू करा, आणि बेस कमी करा. चिनूला व्हिडिओ कॉल लावा, तो सांगेल कुठं आहे ते. त्याला तुमच्या टीव्हीचा मेन्यू माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

मिरजेची तारीख ठरली की कळवा. ती गणपतीच्या आधीची असू दे, म्हणजे येताना संच घेऊनच येते.

तुमची,
मनू

ता. क. टीव्हीमागं धूळ साठली असेल. बाबा, स्टुलावर चढून ती पुसायला जाऊ नका. आई, स्टूल वरच्या खोलीत ठेव.